तीन मुलं, तिघांचंही वय सतरा

प्रताप नगरातल्या आमच्या कॉलनीत कुणी सहलीला निघालं की हमखास माझा फोन वाजतो.

"मॅडम, फॅमिली रूम बुक करून राहिलो. आम्ही पाच जण आहो. मावू न?"

"बेड किती आहेत?" मी विचारते.

पलीकडून जरा दुखावलेला आवाज येतो, "फॅमिली रूम लिहिलंय न मॅडम!"

सव्वीस वर्षं मी नागपुरातल्या एका मध्यम हॉटेलच्या काउंटरमागे उभी राहिले. बेचाळीस खोल्या, एक लिफ्ट, तळमजल्यावर नाश्त्याचा हॉल. रजिस्टरवर सुरुवात केली, कॉम्प्युटरवर संपवली आणि मागच्या वर्षी निवृत्त झाले. एवढ्या वर्षांनंतरही फॅमिली रूम म्हणजे नक्की काय, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कारण ते ज्याचं त्याचं असतं. कुठे एक मोठा पलंग आणि एक सोफा. कुठे दोन पलंग आणि भिंतीवर हसऱ्या कुटुंबाचं चित्र. आमच्याकडे एक मोठा पलंग आणि खिडकीशी एक लहान. बाकी फॅमिली तुम्ही आणायची.

लोकांचा गोंधळ साहजिक आहे. 'डबल' म्हणजे दोन पलंग, असं निम्म्या लोकांना वाटतं. प्रत्यक्षात तो दोघांचा एकच पलंग असतो. दोन वेगळे हवे असतील तर 'ट्विन' मागावा लागतो. त्यात 'एक्स्ट्रा बेड' नावाचा तिसरा प्राणी. तो म्हणजे त्या दिवशी आमच्या स्टोअरमध्ये जे उरलं असेल ते. नशीब चांगलं असेल तर चाकांची घडीची खाट, नसेल तर जमिनीवर गादी. एकदा एका गृहस्थांनी आमच्यावर फसवणुकीचा आरोप केला. फोटोत दोन पलंग होते आणि खोलीत एकच. मोबाइलवर तो फोटो उघडून त्यांनी माझ्यापुढे धरला. खरंच दोन दिसत होते. मी चष्मा पुसून पाहिलं. दुसरा पलंग कपाटाच्या आरशात होता.

मी मालकांच्या मागे लागून तो फोटो बदलायला लावला. त्या खोलीचं बुकिंग निम्म्यावर आलं. दोन महिन्यांत आरशाचा फोटो पुन्हा साइटवर चढला. मालक म्हणाले, "आपण कुठं दोन लिहिलं? पाहणाऱ्यानं मोजलं."

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते. साइटवर काय वाटेल ते बुक करा, पण मग हॉटेलला फोन लावा आणि विचारा, बेड किती, केवढे, आणि एक्स्ट्रा म्हणजे खाट की गादी? हा फोन शंभरात चार लोकही करत नाहीत. ज्यांनी केला त्यांच्यातल्या एका माणसानं मात्र मला सव्वीस वर्षांची अक्कल गहाण टाकायला लावली. त्याचीच ही गोष्ट.

डिसेंबर होता. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचे दिवस. बाहेरच्यांना कल्पना नसेल, पण त्या दिवसांत नागपुरात हॉटेलची खोली मिळवणं म्हणजे वाघ दिसण्यापेक्षा अवघड. त्यातच आमच्या एकुलत्या एक रिकाम्या फॅमिली रूमवर ऑनलाइन बुकिंग येऊन पडलं. नाव, वानखेडे. प्रौढ दोन, मुलं तीन. मुलांची वयं, सतरा, सतरा, सतरा.

"तिळी!" मंदाताई ओरडल्या. मंदाताई म्हणजे आमच्या खोल्यांची सगळी व्यवस्था पाहणाऱ्या. चादरीला सुरकुती दिसली की त्यांना रात्रभर झोप लागायची नाही. "मॅडम, माह्या उभ्या जन्मात मी तिळी पाह्यली नाही. पोरं हायेत का पोरी?"

"ते लिहिलेलं नसतं हो."

"लिहाले पाह्यजे न!"

मी हिशेब केला. आईवडील मोठ्या पलंगावर, एक मूल लहान पलंगावर, दुसरं खाटेवर, तिसऱ्याला गादी. नियमानं त्या खोलीत मोठी माणसं तीनच बसत, पण मुलं म्हटल्यावर आम्ही थोडं सैल सोडायचो. झालं, बसले पाच.

चार दिवसांनी फोन आला. म्हातारा, खणखणीत आवाज.

"मॅडम, मी वानखेडे सर बोलून राहिलो, नंदनवनातून. तुमच्याकडे माही फॅमिली रूम बुक हाय."

"हो सर, आहे."

"त्या दिवशी अजून एखादी खोली मिळन का?"

"नाही हो सर. अधिवेशन आहे. एकही नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

"आजूबाजूच्या हॉटेलात?"

"मला नाही वाटत. सगळीकडे हीच गत आहे."

"वा!" सर म्हणाले. "फार छान. फार छान." आणि फोन ठेवला.

खोली नाही म्हटल्यावर लोक काय काय म्हणतात, याची माझ्याकडे लांबलचक यादी आहे. 'फार छान' त्यात नव्हतं. आणि दुसरं म्हणजे नंदनवन. नागपुरातच राहणारा माणूस नागपुरात हॉटेल कशाला घेतो? पण गर्दीचे दिवस होते, विसरून गेले.

ठरलेल्या दिवशी बाराच्या सुमारास सर आणि त्यांच्या पत्नी रिक्षानं आले. सर उंच, काटक, गळ्यात मफलर. काकू लहानशा, हातात एक मोठी कापडी पिशवी. आधार कार्डावरून कळलं, सरांना त्याच दिवशी ऐंशीवं लागत होतं. म्हणजे सतरा वर्षांच्या तिळ्यांचे हे आजोबा असणार, अशी मी मनाशी दुरुस्ती केली. मंदाताई तीन चॉकलेटं घेऊन काउंटरशेजारी उभ्याच होत्या. खोलीत टॉवेलाचे तीन हंस करून आल्या होत्या.

"मुलं कुठं आहेत सर?" मी विचारलं.

"येऊन राहिले."

अर्ध्या तासानं पहिलं मूल आलं. चौपन्न वर्षांचं. डोक्यावर केस बेताचे, हातात चाकांची बॅग, विमानानं पुण्याहून. "विजय वानखेडे," त्यानं ओळखपत्र पुढे केलं. "माझी रूम कितव्या मजल्यावर?" पाठोपाठ रायपूरच्या गाडीनं दुसरं मूल आलं, रेखाताई, वय पन्नाशीच्या पुढे, येताच आईच्या गळ्यात पडल्या. तिसरं मूल हेल्मेट काढत आत शिरलं. कळमेश्वरच्या एका कारखान्यात सुपरवायझर असलेले सुधीर, थोरल्यापेक्षा चार वर्षांनी लहान, मोटरसायकलवर आलेले. ते आत आले तशी थोरल्यानं मान खिडकीकडे वळवली. धाकट्यानं हेल्मेट पाहायला सुरुवात केली.

मंदाताईंनी चॉकलेटांची मूठ हळूच पदराआड नेली.

"सर," मी शक्य तितक्या गोड आवाजात म्हटलं, "बुकिंगमध्ये तीन मुलं लिहिली आहेत."

"हायेत न तीन. ही काय उभी हायेत."

"वय सतरा लिहिलंय."

"त्यात सतराच्या पुढं आकडाच नाही," सर म्हणाले. त्यांनी मोबाइल काढून मला दाखवला. "मी गणिताचा मास्तर. पस्तीस वर्षं पोराईले सांगितलं, प्रश्न नीट वाचा, विचारलं तेवढंच लिहा. यानं विचारलं, मुलं किती. तीन. मग वयं विचारली. चौपन्न शोधलं, नव्हतं. बावन्न नव्हतं. पन्नास नव्हतं. सगळ्यात जवळचं सतरा होतं."

उत्तरात खोट काढायला जागा नव्हती. साइटवाल्यांनाही ती काढता आली नसती.

विजय मात्र चिडला. "बाबा, मला सांगायचं ना! मी दोन रूम केल्या असत्या. तीन केल्या असत्या." मग माझ्याकडे वळून, "मॅडम, मला एक वेगळी सिंगल द्या."

नव्हतीच. मी त्याच्यासमोर ओळखीच्या सहा हॉटेलांना फोन लावले. सहाही ठिकाणी नाही. दर नकारानंतर सर माझ्याकडे असे पाहत होते, जसा वर्गातला ढ मुलगा अचानक बरोबर उत्तर देऊ लागावा.

"मी घरी जातो," सुधीर आईला म्हणाले. "जेवण झालं का निघतो. सकाळी परत येतो. अर्धा-पाऊण घंटा तर लागते."

"जाय न," काकू म्हणाल्या. "कशानं जातं?"

सुधीरनी खिसे चाचपले. काउंटरवर पाहिलं, हेल्मेटमध्ये पाहिलं. काकूंनी कापडी पिशवी काखेत आणखी घट्ट धरली.

"आई, चाबी दे."

"कोणती चाबी वं रेखा? तुले दिसली का?" काकूंनी मुलीलाच विचारलं, आणि लिफ्टकडे चालू लागल्या.

नियमाप्रमाणे मी त्यांना अडवायला हवं होतं. पाच मोठी माणसं त्या खोलीत चालत नाहीत. पण अडवून पाठवणार कुठे? मी किल्ली दिली. पाचही जण एका लिफ्टमध्ये गेले, दोन भाऊ दोन कोपऱ्यांत, मधे आईबाप आणि बहीण.

साडेचारला विजय खाली आला. आवाज आता मऊ होता. "मॅडम, कुणाचं कॅन्सल झालं तर पहिला फोन मला करा. प्लीज." मी बरं म्हटलं. त्यानं आपला नंबर चिठ्ठीवर लिहून दिला, आणि अधोरेखितही केला.

पाचला खरंच एक सिंगल सुटली. अधिवेशनासाठी येणारे एक पाहुणे येत नसल्याचा निरोप आला. मी रिसीव्हर उचलला, चिठ्ठी पुढे ओढली, आणि समोर वानखेडे सर उभे.

"खोली रिकामी झाली का?"

आता हे त्यांना कसं कळलं, ते मला आजही कोडं आहे. बहुधा माझ्या चेहऱ्यावरून. पस्तीस वर्षं मुलांचे चेहरे वाचलेला माणूस.

"हो सर. विजयरावांना सांगतेच आहे."

"नका सांगू."

मी रिसीव्हर खाली ठेवला.

सर खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "मॅडम, ते दोघं चार वर्षांपासून बोलत नाहीत." सुधीरच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका छापली, त्यात निमंत्रकांमध्ये थोरल्या काकाचं नाव मुलीच्या मामाच्या खाली आलं. छापखान्याची चूक की घरची, यावर आजवर निकाल लागलेला नाही. विजय लग्नाला आला, अक्षता टाकल्या आणि न जेवता गेला. त्यानंतर दिवाळीला एक आला की दुसरा येत नाही. दोघंही आले तर एक सासुरवाडीला उतरतो. त्यांच्या नंदनवनच्या दोन खोल्यांमध्ये कारण आयतंच असतं, 'बाबा, जागा नाही.'

"म्हणून यंदा वाढदिवसाला अट घातली," सर म्हणाले. "सुना नको, जावई नको, नातवंडं नको. फक्त तुम्ही तिघं या, अन् एक रात्र आमच्यासंग हॉटेलात राहा. एकाच खोलीचं सांगितलं नाही. वेगळ्या खोल्या मिळू नये म्हणून अधिवेशनाचा हप्ता पाह्यला. वाढदिवस त्याच्यात पडला, हे माह्यं नशीब."

"आणि काकूंना ठाऊक आहे?"

"चाबी कोणाजवळ हाय?"

मला हसू आवरेना. तरी म्हटलं, "सर, मी त्यांना शब्द दिलाय. ते विचारतील. मी गिऱ्हाइकाशी खोटं बोलत नाही."

हे साफ खोटं होतं. 'पाच मिनिटांत गरम पाणी येतंय' हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा बोलले, तितक्या वेळा स्वतःचं नावही घेतलं नसेल. पण खोलीबद्दल मात्र कधी फसवलं नव्हतं. तेवढी एक गोष्ट जपली होती.

"खोटं नका बोलू," सर उठत म्हणाले. "गणितात दोन्ही बाजू सारख्या करता येतात. पाहा तुम्ही." आणि जिना चढून गेले. ऐंशीव्या वर्षी, जिना.

मी चिठ्ठीकडे पाहत बसले. मग समोर पाहिलं. लॉबीच्या सोफ्यावर तीन वाजल्यापासून एक बाई आणि त्यांची मुलगी बसल्या होत्या. गडचिरोलीहून आल्या होत्या, मुलीची सकाळी परीक्षा. ऑनलाइन बुक केलेल्या लॉजनं बुकिंग आलंच नाही म्हणून हात वर केले होते. मुलगी मांडीवर पुस्तक ठेवून ओठ हलवत होती, आई दर पंधरा मिनिटांनी येऊन विचारत होती, "झाली का मॅडम एखादी?"

"झाली," मी म्हटलं. "सिंगल आहे, पण पलंग बरा रुंद आहे. दोघी मावाल."

त्या बाईंनी माझे हात धरले. मी वर पाहू शकले नाही. पुण्यकर्म म्हणून मी ती खोली दिली नव्हती, हे त्यांना कसं सांगणार?

सहाला विजयचा फोन आला. "मॅडम, काही?"

"नाही हो. एकही खोली रिकामी नाही."

प्रत्येक शब्द खरा. दोन्ही बाजू सारख्या.

एवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट मी जास्त मान वर करून सांगितली असती. पण खाटेचं राहिलं. आमच्याकडे आठ घडीच्या खाटा होत्या. सात आधीच गेल्या होत्या. आठवी मंदाताईंनी दाखवली तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला होता.

"मॅडम, हिचं पोट सुटलं हाय. मधात पार झोळी झाली. सतरा वर्षांचं पोरगं झोपलं असतं बिचारं. पन्नाशीच्या माणसाची कंबर जाईन."

"दुसरी गादी?"

"एकच हाय. ती देतोच आहो."

"मग द्या हीच. एका रात्रीचा प्रश्न आहे."

एका रात्रीचा प्रश्न आहे. आमच्या धंद्यातली निम्मी पापं या वाक्याखाली झाकलेली असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी ड्युटीवर आले, तर रेखाताई काउंटरशी उभ्या. "गरम पाण्याची पिशवी मिळेल का? विजूदादाची पाठ धरली."

"खाटेवर ते झोपले होते?"

"हो न. तेही सरळ नाही." रेखाताई हसू दाबत सांगू लागल्या. रात्री जेवण झालं. आईबाबा मोठ्या पलंगावर, रेखाताई लहानावर. उरली खाट आणि गादी. दोघं भाऊ एकमेकांशी बोलणार नाहीत, म्हणून सगळं बोलणं रेखाताईंमधून. "रेखा, त्याला सांग, खाट त्यानं घ्यावी." "रेखा, त्याले म्हणाव, मोठ्यानं खाटेवर झोपाव, पत्रिकेत नसन पण इथं त्याचं नाव वर." हे ऐकल्यावर थोरला रागानं खाटेवर जाऊन आदळला. आदळला तो झोळीत गेला. पहाटे जाग आली तर त्याला उठता येईना. कुशीवर होता येईना. हाक मारायची तर कुणाला? सगळ्यांत जवळ, हाताच्या अंतरावर, जमिनीवर सुधीर.

"मग?"

"मग काय, मारली हाक."

"काय म्हणून?"

"'सुध्या.'" रेखाताईंचे डोळे भरले. "लहानपणी म्हणायचा तसं. सुधीरनं उचलून गादीवर घेतलं, मलम चोळला. पण बोलले नाहीत हो. मलम चोळून झाल्यावर पुन्हा तोंड फिरवलं. बाबा पांघरुणातून सगळं पाहून राहिले होते."

मी पिशवी भरून दिली आणि उगाचच नाश्त्याच्या हॉलकडे फेरी मारायला गेले. फेरी म्हणजे काय, मला पाहायचं होतं.

विजय पाठीला पिशवी लावून ताठ बसला होता, शेजारी सर, समोर काकू चहाच्या कपाशी. सुधीर पोह्यांच्या रांगेत. आमच्याकडे सकाळी तर्री पोहे असत, लाल रस्सा वेगळा. सुधीरनी दोन ताटल्या भरल्या. एकीवर तर्री कमी, दुसरीवर भरपूर. भरपूरवाली थोरल्यापुढे ठेवली.

विजयनं ताटली पाहिली. हात लावला नाही.

"खा न," सुधीर म्हणाले. चार वर्षांत त्यांनी थोरल्याशी थेट बोललेले पहिले शब्द.

"भूक नाही."

सुधीर उभेच राहिले. मग त्यांचा आवाज एकदम चढला. "तेव्हाही हेच म्हणलं होतं तू! माह्या पोरीच्या लग्नात. भूक नाही म्हणून निघून गेला. माही पोरगी ताट घेऊन तुह्यामागं गेटपर्यंत आली होती. तुले दिसली नाही का?"

हॉलमधले चमचे थांबले. विजयनं मान वर करायचा प्रयत्न केला, पाठीतून कळ आली, तोंड वाकडं झालं.

"अन् पत्रिका?" तोही ओरडला. पुण्यात तीस वर्षं घासूनपुसून ठेवलेली भाषा त्या एका ओरडण्यात गळून पडली. "माह्यं नाव मामाच्या खाली काहून टाकलं? मले काय वाटलं असन? मी मोठा नाही का? सांग न, काहून टाकलं?"

"मी टाकलं का? छापून आल्यावर पाह्यलं मी! तुले फोन करणार होतो."

"मग काहून नाही केला?"

"भेव वाटलं!" सुधीर म्हणाले. पन्नास वर्षांचा, कारखान्यात साठ माणसांवर नजर ठेवणारा माणूस. "तुह्यंच भेव वाटलं. तू चिडशीन म्हणून."

"मग नाही चिडलो का मी?"

यावर शेजारच्या टेबलावरचा एक अनोळखी पाहुणा फिसकन हसला. रेखाताई धावत आल्या, "अरे हळू बोला गा, लोक पाहून राहिले!" पण दोघांनाही आता ऐकू येत नव्हतं. छापखानावाला, मामा, तेव्हाचा उन्हाळा, कुणी कुणाला आधी फोन करायला हवा होता, सगळं पोह्यांवर सांडत होतं. आणि बोलता बोलता विजय जेवू लागला होता. रागानं, मोठमोठे घास घेत. सुधीर उठून त्याच्यासाठी आणखी तर्री घेऊन आले आणि ती वाढतानाही भांडतच होते.

मी काकूंजवळ गेले. म्हटलं, "काकू, मी काही करू का? बाकीच्या लोकांना त्रास..."

काकूंनी माझा हात धरून मला शेजारी बसवलं. "राहू दे वं बाई," त्या म्हणाल्या. "चार वर्षं दोघंही एकेकटे येऊन गुमान जेवून जात होते. भांडून राहिले, आयकून बरं वाटते."

सर मफलर सारखा करत होते. मला पाहून त्यांनी फक्त दोन्ही तळवे समोरासमोर धरले, तराजूसारखे.

अकराला सगळे निघाले. सुधीरची मोटरसायकल तिथेच राहिली. विजयला बसवून नेणारी टॅक्सी सुधीरनीच बोलावली, पुढच्या सीटची पाठ मागेपुढे करून पाहिली, आणि विमानतळाऐवजी कळमेश्वरला न्यायला सांगितलं. तिथला हाडांचा डॉक्टर चांगला आहे, हे कारण. विजय 'मला विमान आहे, मला विमान आहे' म्हणत बसला आणि विमान चुकवलं. काकूंनी चावी अखेर पिशवीतून काढली. "सापडली बाई," म्हणाल्या.

मी मात्र त्या टॅक्सीच्या मागे बराच वेळ पाहत राहिले. दार लावताना विजयनं जो आवाज काढला, तो अजून कानात आहे. एका जागी शब्द फिरवून मी मजा केली, आणि त्या माणसाची पाठ महिनाभर धरून राहिली. सरांचं गणित सुटलं हे खरं. पण त्या उत्तराची किंमत विजयच्या मणक्यानं भरली होती, आणि ती खाट मीच द्यायला लावली होती. मंदाताईंनी ती खाट त्याच दुपारी भंगारात घालायला लावली. मी होकार दिला, पण तो आदल्या दिवशीच द्यायला हवा होता.

पंधरा दिवसांनी साइटवर विजय वानखेडे यांचा अभिप्राय आला. पाचपैकी दोन तारे. 'खोलीत बेड अपुरे. एक्स्ट्रा बेड माणसांसाठी नाही. नाश्ता उत्तम.'

मालकांनी तो छापून माझ्या टेबलावर ठेवला. आमच्याकडे प्रत्येक तक्रारीला हॉटेलच्या वतीनं माफी लिहायचं काम माझं होतं. त्या वर्षांत मी अशा कितीतरी माफ्या लिहिल्या असतील, एकीचेही शब्द मला शोधावे लागले नाहीत. ही लिहायला मात्र पूर्ण सकाळ लागली. दोन वेळा खोडलं, तिसऱ्यांदा पाठवलं:

'आपल्या पाठीला झालेल्या त्रासाबद्दल मी स्वतः मनापासून क्षमा मागते. अपुऱ्या बेडबद्दल हॉटेल दिलगीर आहे.'

पहिलं वाक्य खरं होतं.